प्रायोगिक नाटकाची सूत्रधार आणि कला-माध्यम व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी : एक प्रकरण

पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेत सूत्रधाराचं, म्हणजे पडद्यामागच्या सगळ्या व्यवस्थेचं, काम करणाऱ्या मुलीने कला आणि माध्यम व्यवस्थापनात मास्टर्स करायचं मनावर घेतलं. तिथपासून आजपर्यंत जे झालं ते इथे मांडते आहे. तिचं आणि संस्थेचं नाव देत नाही. लिहायची परवानगी दोघांनी दिली ती याच अटीवर. मी सनदी लेखापाल आहे. सांस्कृतिक संस्थांचे हिशेब तपासणं हा माझ्या कामाचा लहानसा भाग आहे, पण माझा जीव त्यातच जास्त आहे. या संस्थेची पुस्तकं मी बरीच वर्षं पाहते, म्हणून ही मुलगी सल्ल्याला माझ्याकडे आली.

ती वाणिज्य शाखेची. तीन वर्षांचं बी.कॉम., मग एका करसल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करता करता एम.कॉम. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेसाठी बॅकस्टेज केलं आणि तिथूनच या संस्थेत आली. गेली चार वर्षं नोकरी सोडून पूर्णवेळ इथेच आहे. नाट्यगृहाच्या तारखा मिळवायच्या, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून आणायची, सेटचा टेम्पो ठरवायचा, नटांची आणि बॅकस्टेजवाल्यांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन) वेळेवर द्यायची, ऑनलाइन बुकिंगकडे लक्ष ठेवायचं, दौऱ्यावर सगळ्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करायची आणि प्रयोग संपला की त्याच रात्री हिशेब लिहून काढायचा, हे सगळं तिच्याकडे. संस्थेचे ताळेबंद तपासताना मला प्रत्येक खर्चाची पावती जागच्या जागी सापडते, ती तिच्यामुळे.

ज्या करारावरून सगळं सुरू झालं

टाळेबंदीत नाट्यगृहं बंद होती तेव्हा संस्थेने आपलं एक चालतं नाटक रिकाम्या सभागृहात तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करून ठेवलं. पुढे एका डिजिटल मंचाने ते मागितलं. देऊ केलेली एकरकमी किंमत त्या नाटकाच्या कित्येक प्रयोगांच्या गल्ल्याइतकी होती. सगळे खूश झाले. मग करार आला. इंग्रजीत, पानंच्या पानं. त्यात मागितलं होतं ते असं : सर्व माध्यमांतले हक्क, जगभरासाठी, कायमस्वरूपी, आणि हे हक्क संस्थेकडे निर्विवाद आहेत अशी लेखी हमी.

ती हमी द्यायला बसलो तेव्हा संस्थेच्या हातात काय आहे ते उघडं पडलं. लेखकाची परवानगी तोंडी होती, आणि तीही रंगमंचावर प्रयोग करण्यापुरती. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच समजलं जातं. इथे तर कागदच नव्हता. नटांचाही प्रश्न होता. प्रयोग करणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर कायद्याने स्वतंत्र हक्क दिलेले आहेत, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रित सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीही त्याला मागता येते. सहा नटांपैकी एकाचीही लेखी संमती नव्हती. पार्श्वसंगीत एका मित्राने मैत्रीखातर करून दिलं होतं.

आणखी एक अडचण निघाली, ती खास आपल्याकडची. संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली आहे. सही करायचा अधिकार कुणाला, हे दाखवायला धर्मादाय आयुक्त कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा काढला, तर त्यावर जुन्याच विश्वस्तांची नावं. त्यातले दोघे आता हयात नाहीत. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो कित्येक वर्षं कुणी केलाच नव्हता. मी दर वर्षी अहवालात तसा शेरा लिहीत होते. ज्यांच्या नावे तो शेरा होता ते दर वर्षी पुढच्या प्रयोगाच्या धावपळीत असत.

मंचाच्या माणसांनी काही आठवडे वाट पाहिली आणि मग त्यांचे मेल यायचे थांबले. यात कुणी कुणाला फसवलं नाही. मंचाने मागितलं ते त्यांच्या धंद्याच्या रीतीने मागितलं. पण आपण तयार केलेल्या वस्तूचे आपण मालक आहोत का, किती प्रमाणात, किती काळासाठी, हे संस्थेतल्या एकालाही सांगता आलं नाही. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला हे नीट शिकायचंय. कुठल्यातरी चांगल्या विद्यापीठात, दोन वर्षं बसून."

खरंच पदवी हवी का

मी तिला लगेच हो म्हटलं नाही. कराराचा गुंता सोडवायला वकील पुरतो. कॉपीराइट कायद्याचा एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही पुरतो. नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापनाचं म्हणाल तर इंडिया थिएटर फोरम, बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि संजना कपूर व समीरा अय्यंगार यांची जुनून या संस्थांनी मिळून नाट्यगटांसाठी 'स्मार्ट' नावाचा अभ्यासक्रम उभा केलेला आहे. चालत्या गटातल्या माणसांना काम न सोडता शिकता यावं अशी त्याची रचना आहे. फक्त कौशल्य हवं असेल तर तो मार्ग मला अजूनही पहिला वाटतो.

माध्यम व्यवस्थापनाचे एमबीए मुंबई-पुण्यात आहेत. ते तिने पाहिले आणि बाजूला ठेवले, तेही बरोबरच केलं. तिथे जाहिरात, वाहिन्या, चित्रपटांचं वितरण या मोठ्या उद्योगांसाठी माणसं तयार होतात. शंभर आसनांच्या सभागृहात तीनशे रुपयांचं तिकीट लावणारी संस्था त्या अभ्यासक्रमांच्या नजरेतच नसते.

मग मास्टर्सची बाजू काय? इथे मला तिच्याही आधीच्या पिढीबद्दल बोलावं लागेल. थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था 1973 मध्ये पुण्यात स्थापन झाली. त्या मंडळींनी 1980 मध्ये युरोपचा दौरा केला, ऐंशीच्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने महाराष्ट्रभरच्या नाट्यगटांसाठी आणि नाटककारांसाठी प्रकल्प चालवले, मोहन आगाशे यांनी 1986 पासून बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची चळवळ मराठीत रुजवली. यातलं प्रत्येक काम म्हणजे अव्वल दर्जाचं कला व्यवस्थापन आहे. पण याच संस्थेतले जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात नोकरीला. घर चालत होतं ते दुसऱ्या व्यवसायावर. म्हणजे पुण्याच्या प्रायोगिक नाटकाला सगळ्यात मोठं अनुदान कुणी दिलं असेल तर ते या माणसांच्या पगारांनी. ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

या मुलीला तसं करायचं नाही. तिला नाटकाचं व्यवस्थापन हेच पोटापाण्याचं काम म्हणून करायचं आहे, आणि संस्थेतल्या इतरांनाही ते तसं करता यावं अशी व्यवस्था उभी करायची आहे. ही मागणी रास्त आहे. आणि ती पुरी करायची तर नुसत्या कौशल्याने भागणार नाही. पैसा, हक्क, प्रेक्षक आणि सरकारी धोरण एकमेकांना कुठे अडकलेले आहेत ते मुळापासून समजून घ्यावं लागेल.

या विषयाच्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात सुरुवातीलाच एक सिद्धांत शिकवतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी तो 1966 मध्ये मांडला. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढले तरी परवडतात. सादरीकरणाच्या कलेत तसं होत नाही. नऊ पात्रांचं अडीच तासांचं नाटक पन्नास वर्षांपूर्वी नऊ नटांना अडीच तास करावं लागत होतं, आजही तितकंच लागतं. पण नटांच्या घराचं भाडं, टेम्पोचं डिझेल, सभागृहाचं वीजबिल बाकीच्या जगाबरोबर वाढत जातं. म्हणजे तूट ही व्यवस्थापकाच्या नालायकीमुळे येत नाही, ती या कलेच्या रचनेतच आहे. ती कोण भरून काढणार, हा प्रश्न आहे. मी तिला हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत होते तो उगाच." त्या क्षणी मला पटलं की हिने हा अभ्यास करायला हवा.

कुठे शिकायचं

या प्रकरणातला माझा मुख्य मुद्दा इथे आहे. विद्यार्थी विद्यापीठाची क्रमवारी पाहतात, शहर पाहतात, व्हिसा पाहतात. कला व्यवस्थापनात आधी पाहायचं ते हे, की त्या देशात नाटकाची तूट कोण भरतं. कारण तिथले प्राध्यापक, तिथली उदाहरणं, तिथली इंटर्नशिप सगळं त्या व्यवस्थेभोवती फिरतं.

तिची पहिली पसंती जर्मनी होती. ग्रिप्समुळे बर्लिनची ओढ, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात बी-1 (मध्यम पातळी) पर्यंत झालेलं जर्मन, आणि सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला 1,500 युरो भरावे लागतात, आणि नोकरीच्या अनुभवानंतर करायच्या मास्टर्सना वेगळं शुल्क असतं. बाकी खर्च म्हणजे मुख्यतः राहण्याजेवण्याचा. व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो बंद खात्यात (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा) दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. हाम्बुर्गच्या संगीत आणि नाट्य विद्यापीठात तर संस्कृती आणि माध्यम व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्थाच आहे. कला आणि माध्यमं हे दोन विषय एकत्र शिकवायचा विचार तिथे आधीपासून झालेला आहे.

पण तिथे शिक्षण जर्मनमधून. बी-1 वर करारनामे आणि सांस्कृतिक धोरण वाचता येत नाही. सी-1 या प्रगत पातळीपर्यंत पोचायला कामाच्या रगाड्यात तिला किमान दीड-दोन वर्षं लागली असती. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की जर्मनीतली शहरांची आणि राज्यांची नाट्यगृहं आपल्या खर्चाचा साधारण चार पंचमांश भाग सरकारी पैशातून भागवतात. नट महिन्याच्या पगारावर, सेटची कार्यशाळा इमारतीतच. तिथला व्यवस्थापक शिकतो ते हा सार्वजनिक पैसा नीट कसा वापरायचा आणि नगर परिषदेला त्याचा हिशेब कसा द्यायचा. ते शिकण्यासारखं आहेच. आपल्या महापालिका नाट्यगृहं बांधतात, चालवतात; पण नाट्यसंस्थेला वर्षभराचा पगार देत नाहीत. तिथून शिकून ती परतली असती तर ज्या पैशाचं व्यवस्थापन शिकली तो पैसाच इथे सापडला नसता.

इंग्लंडचं चित्र थोडं वेगळं. आर्ट्स कौन्सिल 1946 मध्ये सुरू झालं, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. सरकार पैसे देतं, पण ते कुणाला द्यायचे हे कौन्सिल ठरवतं. बाकीचं तिकीटविक्री, खासगी देणगीदार आणि उपाहारगृहाच्या उत्पन्नातून. शिवाय तीन वर्षांची भारतीय पदवी तिथे सर्वसाधारणपणे चालते, आणि मास्टर्स एका वर्षात होतं. तिने अर्ज केला आणि लंडनच्या एका कॉलेजात प्रवेश मिळालाही, शिष्यवृत्तीशिवाय.

अमेरिका तिने यादीत शेवटी ठेवली होती, खर्चाला घाबरून. मी ती वर आणायला सांगितली. तिथे सरकारचा हात आखडता आहे. राष्ट्रीय कला निधी 1965 साली उभा राहिला, पण संस्थांच्या एकूण उत्पन्नात त्याचा वाटा लहान. देणगीवर आयकरात सूट मात्र 1917 पासून आहे, आणि तिथली नाट्यगृहं, वाद्यवृंद, संग्रहालयं ती सूट, विश्वस्त मंडळं आणि वर्गणीदार प्रेक्षक यांच्यावर उभी आहेत. आकडे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे. पण सांगाडा ओळखीचा आहे : नोंदणीकृत न्यास, विश्वस्त, करसवलतीची देणगी, तिकीट. आपल्या या संस्थेकडेही आयकर कायद्याची 12-अ (संस्थेला करमाफी) आणि 80-जी (देणगीदाराला वजावट) ही नोंदणी आहे. तिची तूट भरून निघते ती अशाच पंधरा-वीस दात्यांकडून, दर वर्षी मागून मागून.

आणि त्या दात्यांच्या बाबतीतच आता पेच आहे. नव्या कररचनेत 80-जीची वजावट मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार तिकडे वळले आहेत. पावती दिली की हमखास देणारे आता विचारतात, मला याचा काय उपयोग? कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे, पण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृतीचा उल्लेख वारसा जतन आणि पारंपरिक कलांच्या अंगाने आहे. समकालीन नाटक त्यात बसवायला कंपनीतला अधिकारी कचरतो, हे मी बैठकांत बसून पाहिलं आहे. करसवलत नसताना माणूस नाटकाला पैसे का देईल आणि देत राहील, हा प्रश्न आपल्या संस्थांपुढे आज उभा आहे. त्याचं उत्तर शोधायला जिथे देणगीदाराशी नातं जोडण्याचं शास्त्र झालेलं आहे तिथे जाणं मला शहाणपणाचं वाटतं. हे माझं मत आहे. बालनाट्याचं किंवा महापालिकेच्या नाट्यगृहांचं धोरण बदलायचं असं जिच्या डोक्यात असेल तिला मी जर्मन शिकायला सांगेन.

पैशाची गोष्ट

लंडनच्या प्रवेशपत्राने घरात आनंद झाला. वडील निवृत्त, राहतं घर तारण ठेवायलाही तयार. शुल्क वीस हजार पौंडांच्या वर, शिवाय व्हिसासाठी लंडनमधला नऊ महिन्यांचा खर्च दाखवायचा तो महिन्याला साधारण 1,500 पौंडांप्रमाणे, त्यावर आरोग्य अधिभार आणि विमानभाडं. बेरीज चाळीस लाखांच्या घरात गेली. तिच्या बचतीतून काही वजा करून पस्तीस लाखांचं शैक्षणिक कर्ज धरलं. अकरा टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 48,000 रुपये, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं.

मी तिला तिच्याच संस्थेचं गणित समोर ठेवायला सांगितलं. शंभर आसनं, तीनशे रुपये तिकीट. एकही मुक्त प्रवेशिका न देता सभागृह पूर्ण भरलं तरी गल्ला तीस हजार. त्यातून भाडं, दिवे, ध्वनी, टेम्पो, नाईट. तिकीट वाढवता येईल. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटाला जीएसटीची माफी आहे. पण आपला विद्यार्थी प्रेक्षक तीनशेलाच दोनदा विचार करतो. म्हणजे तिचा एका महिन्याचा हप्ता हा दीड हाऊसफुल्ल प्रयोगांच्या अख्ख्या गल्ल्याहून जास्त. हे कर्ज फेडायचं तर परतून तिला नाटकात काम करताच येणार नाही. कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात दहा वर्षं काढावी लागतील. ज्या कामासाठी शिकायचं तेच काम कर्जापायी सोडावं लागणार असेल तर ते कर्ज घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगितलं. वडिलांना वाईट वाटलं. तिने दोन दिवस घेतले आणि प्रवेश नाकारला.

मग शिष्यवृत्त्या. जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 पासून आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती. पूर्ण खर्चाला पुरत नाही. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसा क्षेत्रातल्या भारतीयांना ब्रिटनसाठी मदत करतो, तीही बहुधा इतर मदतीच्या जोडीला. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग पूर्ण खर्च देते. त्यासाठी 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ही तिने दुसऱ्या क्रमांकावर ठेवली.

पहिल्या क्रमांकावर आली अमेरिकेत शिकण्यासाठीची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्ती. या शिष्यवृत्तीच्या विषयांच्या यादीत कला आणि संस्कृती व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे, वारसा संवर्धन आणि संग्रहालयशास्त्रासह. अनेकांना हे ठाऊकच नसतं. पदवी चार वर्षांची नसेल तर पूर्ण झालेली पदव्युत्तर पदवी किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका लागते. इथे तिचं ते नोकरी करता करता केलेलं एम.कॉम. कामी आलं. संस्थेतला तिचा सहकारी तिच्याहून हुशार असेल, पण त्याची पदवी तीन वर्षांची आहे आणि पुढे काही नाही. त्याला हा दरवाजा आज बंद आहे. नाटकातल्या मुलामुलींना मी म्हणूनच सांगते, एम.ए., एम.कॉम. काहीही असो, पूर्ण करून ठेवा. दुसरी अट, संबंधित क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, पगारी किंवा बिनपगारी. आपल्या रंगभूमीवर निम्म्याहून जास्त काम बिनपगारी चालतं, त्यामुळे ही अट वाचून मला फार बरं वाटलं. नियम दर वर्षी तपासून घ्यावेत, बदलू शकतात.

अनुभवाचा पुरावा

अनुभव होता, कागद नव्हता. संस्थेने तिला कधी नेमणूकपत्रच दिलं नव्हतं. महिन्याचं मानधन काही काळ रोखीने, काही काळ खात्यात. मग आम्ही चार वर्षांचं काम कागदांतून पुन्हा उभं केलं : नाट्यगृहांच्या तारखांसाठी तिच्या सहीने गेलेले अर्ज आणि भाड्याच्या पावत्या, परिनिरीक्षण मंडळाचा पत्रव्यवहार, दौऱ्यांचे हिशेब, बुकिंगचे अहवाल, तिने तयार केलेली अंदाजपत्रकं. ते सगळं तारखेनुसार लावल्यावर जे दिसलं ते बघून संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःहून तिला मागील तारखेचं नाही, पण आजच्या तारखेचं रीतसर पत्र दिलं, आणि त्यात कामाचं स्वरूप तपशिलाने लिहिलं. मागील तारखेचं पत्र काही जणांनी सुचवलं होतं. ते मी होऊ दिलं नाही.

अर्जासोबत द्यायच्या उद्देशपत्राचा पहिला मसुदा नाटकाच्या आवडीबद्दल होता. लहानपणी पाहिलेलं पहिलं नाटक, घंटेचा आवाज, पडदा उघडतानाची हुरहूर. मनापासून लिहिलेला होता, पण निवड समितीपुढे असे ढीगभर येतात. तिला विचारलं, त्या फसलेल्या कराराबद्दल एक ओळही का नाही? ती म्हणाली, "त्यात आमचीच नाचक्की आहे ना." मी म्हटलं, त्यातच तुझा अभ्यासाचा विषय आहे. पुढचा मसुदा तिथून सुरू झाला : मराठी प्रायोगिक नाटकांची चित्रणं टाळेबंदीनंतर हार्ड डिस्कवर पडून आहेत, ती दाखवायचा हक्क नेमका कुणाचा हे ठरलेलं नाही, आणि ते ठरवणारा साधा, मराठीत लिहिलेला, लहान संस्थेला वापरता येईल असा नमुना करार नाही. लेखक, नट, संगीतकार आणि संस्था यांच्यातला उत्पन्नाचा वाटा कसा ठरवावा आणि त्या उत्पन्नातून संस्थेची तूट किती भरून निघेल, हे तिला शिकायचं आहे. याच जागी कला आणि माध्यम हे दोन्ही विषय तिच्यासाठी एक होतात. आवडीबद्दलचा मजकूर चार ओळींत आला, आणि तेवढा पुरला.

सध्याची स्थिती

अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे. मधल्या काळात संस्थेत दोन गोष्टी झाल्या आणि त्या पदवीइतक्याच मोलाच्या आहेत. चेंज रिपोर्ट अखेर दाखल झाला. आणि लेखकाशी लेखी करार झाला : रंगमंचीय प्रयोगांचे हक्क वेगळे, चित्रणाचे वेगळे, मुदत पाच वर्षं, उत्पन्नातला लेखकाचा टक्का लिहिलेला. नव्या नाटकाच्या पहिल्या तालमीच्या आधीच नटांच्या संमतीपत्रांवर सह्या झाल्या. एका ज्येष्ठ नटाला सुरुवातीला हे अविश्वासाचं लक्षण वाटलं. त्यांच्याशी बसून बोलावं लागलं. कागद त्यांच्याही बाजूने आहे हे वाचल्यावर त्यांनी सही केली आणि आपल्या दुसऱ्या संस्थेसाठी एक प्रत मागून नेली.

तिच्या गैरहजेरीचा प्रश्न मात्र अजून अर्धवट आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर ती दोन वर्षं इथे नसेल. तारखांच्या वाटपाला कोण उभं राहणार, बॅकस्टेजच्या मुलांची नाईट कोण सांभाळणार? इतकी वर्षं सगळं तिच्या डोक्यात आणि तिच्या फोनमध्ये होतं. आता दर शनिवारी ती दोन नव्या मुलांना घेऊन बसते आणि एकेक काम लिहून काढते : कुठल्या नाट्यगृहाचा अर्ज कधी द्यायचा, अनामत कधी परत मागायची, टेम्पोवाल्याला किती आगाऊ द्यायचे, दात्यांची 10-बीडी विवरणं (आयकर खात्याला द्यायचा देणग्यांचा तपशील) 31 मेच्या आत कशी भरायची. मागच्या प्रयोगाचा हिशेब त्या दोघांनी केला. दौऱ्याच्या जेवणाचं बिल त्यांनी दोनदा धरलं होतं. मी खूण करून वही परत पाठवली आहे. पुढचा प्रयोग ते दोघेच बघणार आहेत, ती प्रेक्षकांत बसणार आहे.